कार्थालाचं तळं

झाहानी, १४ नोव्हेंबर २००४

प्रिय मोइनूर,

सलाम. बाबांनी तीन संध्याकाळी बसून सांगितलं आणि मी लिहून घेतलं, ते सोबत पाठवते आहे. नऊ पानं झाली. शब्द त्यांचे, अक्षर माझं, उपयोग तुझा. आपल्या घरात वाटणी अशीच होत आली आहे.

त्यांच्या डाव्या डोळ्याने आता काहीच दिसत नाही. उजव्याने दिसतं, पण मलमलीतून बघावं तसं. तरी कार्थालाचा विषय निघाला की डोंगर अंगणात उभा असल्यासारखे बोलतात. एक साल चुकत नाही. १९०३ साली वरच्या विषारी वाफेने सतरा माणसं मेली, अंगावर ओरखडासुद्धा नाही, हे त्यांच्या आजोबांनी पाहिलेलं. १९१८ साली माथ्यावर नवा खड्डा पडला. मग अठ्ठेचाळीस, बावन्न, पासष्ट. बहात्तरला माथ्यावरच्या परातीसारख्या मोठ्या खळग्यात लाव्हा पसरला, तेव्हा ते स्वतः काठावर उभे होते. सत्त्याहत्तरला डोंगर माथ्याने न बोलता कुशीतून फुटला आणि सिंगानी गाव जाळत समुद्रात उतरला. गाव आधीच रिकामं केलं होतं म्हणून माणसं वाचली. त्याच वर्षी तू जन्मलीस, हे सांगताना हसतात. आणि एक्क्याण्णवला नुसती वाफ आणि दगड उडाले, मग मोठ्या विवरात हिरवं तळं साचलं ते अजून आहे.

सांगून झालं की विचारतात, "मोइनूरला पुरेल ना एवढं?" मी दिवसभर शाळेत पोरांना शिकवून येते, चूल पेटवते, त्यांना आंघोळ घालते. मला पुरतं का, हे कुणी विचारत नाही. आपल्यात घर बायकोचं, म्हणून मा गेल्यावर रीतीप्रमाणे त्यांनी आत्याच्या घरी जायला हवं होतं. मी जाऊ दिलं नाही. ठेवलं मी, आठवण मात्र तुझी.

तू रेउनियों बेटावर शिकायला जाऊन चार वर्षं झाली. पोरं विचारतात, तुमची बहीण तिथे डोंगराचं काय शिकते? मला सांगता आलं नाही. कळव.

झलीफा

सेंट-डेनी, ९ डिसेंबर २००४

प्रिय ताई,

पानं मिळाली. बसमध्येच वाचायला काढली आणि माझा थांबा मागे गेला. माझ्या सरांनी बाबांची सालं जुन्या नोंदींशी ताडून पाहिली आणि म्हणाले, "हा माणूस कोण?" मी अभिमानाने म्हणाले, "माझे बाबा."

पोरांना असं सांग. कार्थाला चित्रातल्या डोंगरासारखा टोकदार नाही, कारण त्याचा लाव्हा पातळ असतो. उसाच्या रसाच्या काकवीसारखा लांब वाहतो आणि थिजतो. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. समुद्राच्या तळापासून लाखो वर्षं असे थर चढत गेले, म्हणून तो जमिनीवर पालथ्या ठेवलेल्या ढालीसारखा दिसतो. उत्तरेला अशीच दुसरी जुनी ढाल आहे, ती आता शांत आहे. थर इतके सच्छिद्र की पावसाचं पाणी सरळ खाली झिरपतं. आपल्या बेटावर नदी का नाही, आणि घरोघरी पावसाचं टाकं का लागतं, ते यामुळे.

आणि एक गंमत. आपली चार बेटं म्हणजे बहिणीच. माओरे सगळ्यात थोरली, झिजून बुटकी झालेली. आपलं न्गाझिजा धाकटं, म्हणून अजून पेटतं.

ताई, तू वाटणीचं लिहिलंस म्हणून मीही लिहिते. घर तुझं, कारण तू थोरली. मला त्याचं काही नाही. पण तू दहा वर्षांची असताना बाबा तुला खांद्यावर बसवून विवराच्या काठापर्यंत घेऊन गेले होते. मला कधीच नेलं नाही. मी मोठी झाले तोवर त्यांचे गुडघे गेले. आज मी कार्थालावर प्रबंध लिहिते आहे आणि ते तळं मी फक्त फोटोत पाहिलं आहे. कधीकधी रात्री तुझा इतका हेवा वाटतो की तुझं नाव घ्यावंसं वाटत नाही.

तळ्यात काही बदल दिसला तर लगेच कळवशील? रंग, वास, काहीही.

तुझी मोइनूर

झाहानी, ३० जानेवारी २००५

मोइनूर,

थोरली झिजून बुटकी होते आणि धाकटी पेटती राहते, हे तू पोरांसाठी लिहिलंस की माझ्यासाठी? पोरांना मी ते वाचून दाखवलं नाही.

तुझी मुलाखत ऐकली. मशिदीसमोरच्या चौकात रेडिओ ठेवला होता. अर्धं गाव जमलं होतं, बाबांना पुढे खुर्ची दिली होती. तू म्हणालीस, "माझ्या वडिलांनी मला हे सगळं सांगितलं." बायका माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, तिकडे राहून किती लक्ष ठेवते बापावर." मी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते.

बाबांनी कधी सांगितलं तुला? तीन संध्याकाळी पेन कुणाच्या हातात होतं? एक नाव घ्यायला किती वेळ लागतो, मोइनूर?

घरी आल्यावर ते म्हणाले, "कसं बोलली पोरगी. आवाज अगदी तुझ्या आईचा." रात्री जेवले नाहीत, आनंदाने पोट भरलं म्हणाले. मी त्यांच्यासाठी नारळाच्या दुधात केळी शिजवली होती. सकाळी शेळीला घातली.

तू तळ्याचं विचारलं होतंस. काही नवीन नाही.

झलीफा

सेंट-डेनी, २८ मार्च २००५

ताई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसले की राग यायचा, म्हणून राहिलं. रेडिओवर मला चार मिनिटं होती. मी घाबरले होते. तुझं नाव राहिलं, ही चूक. पण मुद्दाम गाळलं असं तुला वाटत असेल, तर तू मला वाढवलंस तरी ओळखलं नाहीस.

बाबांना विचार, हल्ली वर कुणी गेलं होतं का. गुराखी मसा जातो ना अजून? तळं कसं आहे?

इकडे विशेष काही नाही. काम चालू आहे.

मोइनूर

मित्सामिऊली, २१ एप्रिल २००५

मोइनूर,

आम्ही जिवंत आहोत. उत्तरेला आत्याच्या मुलीकडे आहोत.

शनिवारी डोंगर गडगडायला लागला. रविवारी उजाडलंच नाही. पत्र्यावर आधी वाळू टाकल्यासारखा आवाज आला, मग खडे. दारात हात पुढे केला तर बोटं दिसेनात. त्यात पाऊस आला, आणि आभाळातून चिखल पडायला लागला. पन्हाळीतून तो सगळा चिखल सरळ टाक्यात जात होता. आपल्याच नाही, प्रत्येकाच्या. बायका बाहेर येऊन नुसत्या उभ्या होत्या. गंधकाचा वास असा की पोरं ओकत होती.

मी लोकांना ट्रकमध्ये चढवत होते. वळून पाहते तर बाबा घरात नाहीत. ते शिडी लावून छपरावर गेले होते, पन्हाळ टाक्यापासून तोडायला. मी खालून ओरडले, "बाबा, उतरा." ते म्हणाले, "पाणी गेलं तर परत यायचं कशाला?" पन्हाळ तोडूनच उतरले. तोंड, पापण्या, सगळं राखेने लिंपलं होतं. उजवा डोळा चोळत होते. मी त्यांचा हात ओढून धरला, पण तोवर चोळून झालं होतं.

डॉक्टर म्हणतात, राख म्हणजे काचेचा चुरा. डोळा चिरला गेला आहे, आता पिकला आहे. वाचेल असं वाटत नाही.

येता आलं तर ये.

झलीफा

झाहानी, २ जून २००५

मोइनूर,

तू येऊन दहा दिवस राहिलीस, काल गेलीस. दहाही दिवस मी तुला सांगायचं ठरवत होते. तू टाकी घासलीस, बाबांचा डोळा धुतलास, गावभर फिरून लोकांना पाणी गाळायला शिकवलंस. सगळे म्हणत होते, धाकटीने येऊन घर सावरलं. त्या कौतुकाने माझं तोंड अधिकच बंद झालं. तोंडावर बोलायची हिंमत नाही, म्हणून लिहिते.

जानेवारीत मसाबरोबर बाबा वर गेले होते. गाढवावर बसून, मधे मधे उतरून, दोन दिवस लावून. मला न सांगता गेले. परत आले ते काळजीत. तळ्याचा हिरवा रंग गेला होता. मसा म्हणाला, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं झालंय. काठावरची झुडपं करपली होती आणि वास बाबांनी स्वतः घेतला. एक्क्याण्णवच्या आधी असाच होता म्हणाले. मला म्हणाले, "आजच्या आज मोइनूरला लिही. तिच्या लोकांना कळायला हवं. आणि गावाला सांग, पन्हाळी सोडवून ठेवा."

त्याच आठवड्यात तुझी मुलाखत झाली होती. मी त्यांच्यासमोर पत्र लिहायला बसले. त्यांना वाटलं मी तेच लिहिते आहे. मी काय लिहिलं ते तुला माहीत आहे. "काही नवीन नाही."

गावालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, मोइनूरला विचारा. मला वाटलं, एकदा तरी तिला काहीतरी माहीत नसू दे. एकदा तरी ती रेडिओवर चुकू दे.

आता मी रोज सकाळी बाबांना हाताला धरून बाहेर आणते, डोंगराकडे तोंड करून बसवते. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की ते पत्र पोचलं का. ते समजलेत की नाही, मला कळत नाही. विचारायचा धीर नाही.

तुला काय लिहायचं ते लिही.

झलीफा

सेंट-डेनी, २६ जून २००५

ताई,

तुझं पत्र वाचून मी ते भिंतीवर फेकलं. मग उचललं, परत वाचलं, परत फेकलं. तीन दिवस माझ्या मनात एकच होतं: तिने बापाचा डोळा घालवला. तुला हे कळलं पाहिजे, म्हणून लिहिते.

चौथ्या दिवशी मी माझी वही उघडली. आता माझं ऐक.

मार्चच्या चोवीस तारखेपासून कार्थालाखालचे बारीक धक्के वाढले होते. आलेख माझ्या टेबलावर होते. दिवसाला किती धक्के, ते मीच मोजत होते. आकडा दुप्पट झाला, मग तिप्पट. मी कुणाला बोलले नाही. मला वाटलं, पक्कं होऊ दे. मे महिन्यात मोठी सभा होती, सगळीकडचे लोक येणार होते. तिथे मी उभी राहून सांगणार होते की हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. आणि तुला २८ मार्चला लिहिलं, "इकडे विशेष काही नाही."

तू मला नाही सांगितलंस, मी तुला नाही सांगितलं. तुझं पत्र आलं असतं आणि माझे आकडे त्याला जोडले असते, तर पन्हाळी वेळेत तोडता आल्या असत्या. तू लिहिलं असतंस तर मी तरी तोंड उघडलं असतं का? हो म्हणावंसं वाटतं. शपथ घेऊन म्हणता येत नाही.

एक गोष्ट तुला सांगायची नव्हती. ते दहा दिवस मी बाबांजवळ बसायचे. वाटलं होतं, आता तरी ते माझे. ते काय बोलायचे माहीत आहे? "झलीफाला विचार, तिला सगळं पाठ आहे." "झलीफा दहा वर्षांची होती, विवराच्या काठावर भ्यायली नाही." मी भरवत होते आणि ते विचारत होते, "झलीफा जेवली का?" मला इतका राग आला की एकदा मी घास तसाच ठेवून उठले.

जो समोर नसतो त्याच्याबद्दल ते बोलतात, ताई. बस एवढंच आहे ते. आपण दोघी त्यावर आयुष्यभर जळत बसलो.

मी तुला माफ केलेलं नाही. तूही मला करू नकोस, इतक्यात तरी. पण आता एक करायचं. मसा उतरला की तू मला फोन करायचास, माझे धक्के वाढले की मी तुला. रुसलेल्या असलो तरी.

मोइनूर

झाहानी, १ डिसेंबर २००५

मोइनूर,

फोनवर नीट बोलता आलं नाही, रांगेत मागे लोक होते. म्हणून सविस्तर.

तुझा निरोप सोमवारी आला. त्याच्या आदल्या दिवशीच मसा सांगून गेला होता की विवरात परत साचलेलं पाणी उकळल्यासारखं हलतंय. दोन्ही जुळलं. मी शाळेला सुट्टी दिली आणि वरच्या वर्गातल्या मुलींना घेऊन घरोघर गेले. पहिल्या घरी म्हातारी म्हणाली, "कुणी सांगितलं? मोइनूरने?" माझ्या जिभेवर काय आलं होतं ते तुला माहीत आहे. मी म्हणाले, "हो, मोइनूरने. आणि मसाने. आणि मी." ती म्हणाली, "मग पत्रा धर, एकटीला उचलत नाही."

तीन दिवसांत सगळ्या पन्हाळी सोडवल्या. टाक्यांवर पत्रे, पत्र्यांवर दगड, फटींना ओलं गोणपाट. गुरुवारी डोंगर उडाला. या वेळी राख सगळीकडे पडली, पार राजधानीत, मोरोनीतसुद्धा. दुसऱ्या दिवशी आम्ही आपल्या टाक्यावरचा पत्रा सरकवला. बाबांनी ओंजळ बुडवली, हुंगली, प्यायले आणि मला प्यायला दिली.

नंतर म्हणाले, "जानेवारीतलं पत्र या वेळी पोचलं."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं, मोइनूर. एप्रिलपासून. मी तिथेच टाक्याला टेकून रडले. ते म्हणाले, "पाण्यात पडतील," आणि पत्रा ओढून घेतला.

गावात आता म्हणतात, झाहानीला दोन बहिणींमुळे पाणी मिळालं. दोन ऐकून मला बरं वाटलं. एक म्हणाले असते तर जास्त बरं वाटलं असतं. खोटं कशाला लिहू?

झलीफा

सेंट-डेनी, ३ एप्रिल २००६

ताई,

एक बातमी आहे. आमच्या लोकांना डोंगराच्या तुझ्या बाजूला पाहणीसाठी गावातलाच एक माणूस नेमायचा आहे. महिन्यातून एकदा वर जायचं, विवर बघायचं, रंग, वाफ, भेगा लिहून आणायच्या. मला नाव विचारलं होतं. मी तुझं दिलं. होकार आला आहे.

आता पुढचं. पहिल्यांदा मी तुझं नाव दिलं नव्हतं. मसाच्या पुतण्याचं लिहिलं होतं. तो तरुण आहे, चढायला चपळ आहे, अशी कारणं मी स्वतःला देत होते. खरं कारण एवढंच की मी इथे कागदावर कार्थाला मोजत बसणार आणि तू परत काठावर उभी राहणार, हे मला बघवत नव्हतं. अर्ज दोन दिवस टेबलावर होता. मग फाडला. बाबांची नऊ पानं कुणी लिहिली होती, हे मलाच माहीत होतं.

प्रबंधात बाबांचं नाव आणि तुझं नाव दोन्ही घातली आहेत. तुझं आधी आहे, कारण लिहिणारी तू. हे वाचून त्यांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. किंवा सांग.

मोइनूर

झाहानी, १२ जून २००६

प्रिय मोइनूर,

मे महिन्याच्या शेवटी चार रात्री डोंगराचा माथा लाल होता. ते तुला फोनवर कळवलं आहे. काल मी मसाबरोबर वर जाऊन आले. वयाच्या चाळिशीत, तीस वर्षांनी. वाटेत दोनदा बसले, एकदा मसाने हाताला धरून ओढलं. वरच्या करपलेल्या झुडपांना खालून हिरवे कोंब आले आहेत.

आता नीट वाच. तळं नाही. पाण्याचा थेंब नाही. विवराच्या तळाशी नवा काळा खडक सपाट पसरला आहे, त्यावर सायीला पडतात तशा सुरकुत्या. मधल्या भेगांतून अजून वाफ येते. पश्चिमेची कड ढासळली आहे. वास आहे, पण डोळ्यांत झोंबत नाही. मसाने दगड टाकला तर काचेवर पडल्यासारखा आवाज आला. भेगा सात मोजल्या, कागदावर काढून पाठवते. हा खडक माझ्या शाळेतल्या सगळ्यात लहान पोरापेक्षा वयाने लहान आहे. डोंगराचा एक थर वाढला आणि तो मी बघून आले.

मी काठावर उभी राहिले तेव्हा मला भीती वाटली. दहाव्या वर्षीही वाटली होती. बाबांना तेव्हा खोटं सांगितलं होतं. हे तुला पहिल्यांदाच सांगते आहे.

खाली आले तर बाबा दारातच बसून होते. "काय दिसलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आधी लिहून काढते, मग सांगते." ते म्हणाले, "कुणाला लिहितेस?" मी आत येऊन कागद घेतला. ते अजून बाहेर वाट बघत आहेत. हे पान संपलं की जाऊन सांगेन.

म्हणजे हे आधी तुला कळलं, बाबांनाही नंतर. पण तुझ्याआधी मी पाहिलं. तेही लिहून ठेवते.

सुट्टी मिळाली की ये. तुला काठापर्यंत मी नेते. खांद्यावर नाही, चालत यावं लागेल.

तुझी ताई,
झलीफा